घरात एमसीबी आहे, पण मुलाला शॉक लागला तर तो पडेल का?

बाळ रांगायला लागलं की आपण टेबलाच्या कोपऱ्यांना फोम लावतो, फिनेलची बाटली वरच्या फळीवर ठेवतो. विजेचा विषय मात्र ‘एमसीबी आहे ना’ एवढ्यावर संपतो. नेमकी इथेच गल्लत होते.

एमसीबी माणसासाठी नाहीच, तो वायरिंगसाठी आहे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे ६, १६ किंवा ३२ अँपिअरपेक्षा, बराच जास्त करंट गेला की तो पडतो. वायर तापून आग लागू नये, एवढंच त्याचं काम. शॉक लागतो तेव्हा शरीरातून जाणारा करंट मिलिअँपिअरमध्ये मोजतात. एका अँपिअरचे १००० मिलिअँपिअर होतात आणि हृदयाची लय बिघडायला त्यातले ५०-१०० सुद्धा पुरतात. एमसीबीच्या हिशेबी काही घडलेलंच नसतं.

मग वाचवतो कोण? आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो सतत तपासतो. तफावत दिसली, म्हणजे कुठेतरी, कदाचित कोणाच्या अंगातून, करंट जमिनीत जातोय, की सेकंदाच्या एका अंशात पुरवठा तोडतो. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचाच हवा. ३०० चा आगीपासून बचावासाठी असतो. ओळखायचा कसा? त्यावर ‘टेस्ट’चं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. पडला नाही तर बदला.

पण तोही सर्वशक्तिमान नाही. मुलाने फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी धरले, तर जमिनीत काहीच जात नाही आणि आरसीसीबीला कळत नाही. म्हणून खालच्या उंचीवरचे सॉकेट शटरवालेच हवेत. प्लगची वरची लांब, जाड पिन आत गेल्याशिवाय त्यांची खालची भोकं उघडत नाहीत. स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डांना बहुतेकदा शटर नसतं.

विदर्भात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. लोखंडी बॉडी, पाणी, ओली फरशी आणि अनवाणी मूल. तिथे थ्री-पिन प्लग आणि चालू अर्थिंग हवंच. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. बादलीतल्या हीटर रॉडलाही हाच नियम.

शॉक लागलेल्या मुलाला लगेच ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा, ते जमलं नाही तर कोरड्या लाकडी काठीने वायर दूर सारा आणि १०८ ला फोन करा.

खरी अडचण भाड्याच्या आणि जुन्या घरांची आहे. खर्च दोन-तीन हजारांचा, पण तो घरमालकाने करायचा की भाडेकरूने, यातच वर्ष जातं. जुन्या वायरिंगमध्ये गळती असल्याने आरसीसीबी वारंवार पडतो आणि ‘कटकट नको’ म्हणून तो सरळ बायपास केला जातो. वारंवार पडणं हा त्याचा दोष नव्हे, घरात करंट गळतोय याची ती खबर आहे. पुढच्या वेळी इलेक्ट्रिशियन घरी आला, की बायपास केलाय का, एवढं विचाराच.