हाडातलं सिमेंट पडद्यावर दिसतं, मग बिलावर का नाही?

द्वारका चौकातून दुचाकीवर मागे बसून जाणाऱ्या सत्तरीच्या आजीला एक खड्डा पुरतो. हाडं आधीच ठिसूळ, मणका दबतो. मग कुणीतरी सांगतं, "सिमेंट भरून घ्या, लगेच चालायला लागतील." सिमेंट म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे गोणी येते. म्हणून आधी हे असतं काय ते सांगतो.

बांधकामाच्या सिमेंटशी याचा काही संबंध नाही. हे ॲक्रिलिक. दातांची कवळी ज्या प्लास्टिकची बनते, त्याच जातीचं. पावडर आणि द्रव मिसळायचं, टूथपेस्टइतकं घट्ट होऊ द्यायचं आणि जाड सुईतून मणक्यात सोडायचं. काही मिनिटांत ते तापतं आणि दगड होतं. फ्रान्समध्ये १९८४ साली हे मणक्यात पहिल्यांदा भरलं, खुब्याच्या सांध्यासाठी तर त्याच्याही बरंच आधीपासून वापरात होतं.

गोम अशी, की हे ॲक्रिलिक एक्स-रेला जवळपास दिसतच नाही. मग ते हाडातच राहिलं की मागे मज्जारज्जूकडे सरकलं, हे डॉक्टरला कळणार कसं? म्हणून त्यात बेरियम सल्फेट मिसळतात. पोटाच्या तपासणीला जे पांढरं बेरियम पाजतात ना, तेच. काही कंपन्या झिर्कोनियम ऑक्साइड वापरतात. सांध्याच्या सिमेंटमध्ये बेरियम साधारण १० टक्के असतं, मणक्याच्या सिमेंटमध्ये ३० टक्क्यांच्या आसपास. कारण मणक्यात ते सी-आर्मच्या पडद्यावर बघत बघतच सोडायचं असतं. थेंबभर बाहेर दिसला की हात थांबला पाहिजे. नाहीतर नस दाबली जाते, किंवा शिरेतून थेट फुप्फुसात. अशा केसेस नोंदलेल्या आहेत, ही व्हॉट्सॲपवरची भीती नाही.

बरं, बेरियम वाढवलं की दिसतं छान, पण सिमेंटच्या मजबुतीवर परिणाम होतो. सुरुवातीच्या काळात डॉक्टर सांध्याच्या सिमेंटमध्ये वरून बेरियम घालून काम भागवायचे. आता मणक्यासाठी तयार प्रमाणाचं सिमेंट मिळतं. तेव्हा आपल्या माणसात कोणतं भरलं, हे विचारणं म्हणजे डॉक्टरवर अविश्वास नव्हे.

परवा एका वाचकाने आईचं बिल पाठवलं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. 'सिमेंट व किट' एवढीच ओळ, पुढे आकडा. कंपनी नाही, बॅच नंबर नाही. २००५ पासून हे सिमेंट आपल्याकडे औषध कायद्याखाली आहे. औषधाच्या दुकानातली साधी गोळीसुद्धा बॅच नंबरशिवाय बिलात येत नाही! गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमती केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये बांधल्या, तेव्हा ब्रँड, कंपनी, बॅच बिलात वेगळं लिहायची अटही घातली. माझं म्हणणं, मणक्याच्या सिमेंटलाही तेच लावा.

आणखी एक. प्रत्येक दबलेल्या मणक्याला सिमेंट लागतंच असं नाही. २००९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत खरी प्रक्रिया आणि नुसतं नाटक यांत दुखणं कमी होण्याचा फारसा फरक दिसला नव्हता. डॉक्टरांत यावर आजही वाद आहे. त्यामुळे दुसरं मत घ्या. करायचंच ठरलं तर नंतरच्या एक्स-रेची फिल्म किंवा सीडी मागा आणि पाकिटावरचा स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरने एक्स-रे काढला, तर तो पांढरा डाग कशाचा हे त्याला कळेल.

द्वारका, मुंबई नाका भागात कुणाच्या घरी असं बिल असेल तर पेशंटचं नाव झाकून इनबॉक्सला टाका. दहा-पंधरा जमली की अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात घेऊन जातो.