बाटलीतली तेरियाकी कशाला?

तेरियाकी या जपानी गोडसर सॉससाठी बाटली विकत आणणं म्हणजे फोडणीही दुकानातून आणण्यासारखं. जपानी घरांत सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदूळ-वाइन), साके (तांदळाची दारू) आणि साखर एवढ्यावर काम भागतं. बाटलीतला दाटपणा बहुतेकदा स्टार्चचा असतो. खरी चकाकी येते ती साखर आटल्यावर.

तेरियाकी सॅल्मन-भातासाठी मासा आधी कातडीच्या बाजूने तव्यावर खरपूस करावा. सुटलेली चरबी कागदाने टिपून घ्यावी आणि मगच सॉस ओतावा, नाहीतर तो माशाला धरतच नाही. बुडबुडे मोठे, संथ झाले की गॅस बंद. तिथे रेंगाळलं की साखर करपलीच!

वाडग्यात आखूड दाण्याचा, चिकटसर भातच हवा. बासमतीच्या मोकळ्या शितांतून सॉस थेट तळाला जातो.

सॅल्मन खिशाला परवडत नसेल तर मुंबईकरांनी बिनदिक्कत रावस घ्यावा. त्यात चरबी कमी, म्हणून तव्यावर तेल थोडं जास्त.