इंग्रजी संभाषणाचा जपानी कारखाना

जपानमधील कोणत्याही मोठ्या रेल्वे स्थानकाबाहेर पडले की समोरच्या इमारतींवर इंग्रजी संभाषणवर्गाची एखादी तरी पाटी दिसतेच. ‘एइकाइवा’ या नावाने ओळखला जाणारा हा धंदा तेथे सरकारी शाळा-महाविद्यालयांच्या कक्षेबाहेर वाढला. या वर्गांना शिक्षणसंस्था म्हणण्याचा प्रघात असला तरी त्यांतील मोठ्या साखळ्या म्हणजे निव्वळ नफ्यासाठी चालणाऱ्या खाजगी कंपन्या होत. ‘शिक्षण’ हा शब्द त्यांच्या मालकांना फार सोयीचा आहे, कारण त्याच्या आडोशाला कामाचे तास, वेतन आणि विमा यांविषयी बोलणे असंस्कृतपणाचे ठरवता येते.

या कारखान्यातील कामगार बहुधा इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा या देशांतून आलेला पंचविशीतला पदवीधर असतो. व्हिसासाठी कोणत्याही विषयाची पदवी पुरते. अध्यापनाचे प्रशिक्षण लागत नाही. दुपारी बारा ते रात्री नऊ अशी पाळी, चाळीस मिनिटांचा धडा, मध्ये काही मिनिटांची फट आणि लगेच पुढचा धडा. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे महिना २,५०,००० येन हा जाहिरातीतला रूढ आकडा होता. आज अनेक जाहिरातींत त्याहून कमी रक्कम दिसते. म्हणजे भाववाढ बाजूला ठेवली तरी नुसत्या आकड्यातच वेतन खाली आले आहे.

धंद्याचे अर्थशास्त्र समजून घेण्यासाठी ‘नोव्हा’ या कंपनीचे उदाहरण पुरेसे आहे. १९८१ साली ओसाका येथे सुरू झालेली ही कंपनी पुढे देशातील सर्वांत मोठी साखळी बनली. विद्यार्थ्यांना शेकडो धडे आगाऊ, घाऊक सवलतीत विकावयाचे आणि त्या पैशातून नव्या शाखा उघडावयाच्या, ही तिची रीत. उद्याच्या धड्यांचे पैसे आज खर्च होत, आणि ते धडे देण्यासाठी लागणारे शिक्षक मात्र कमीत कमी ठेवले जात. डिसेंबर १९९८ पासून जपान सरकारने कामगारांच्या प्रशिक्षण शुल्काचा ८० टक्के भाग रोजगार विम्याच्या निधीतून परत देण्यास सुरुवात केली, तेव्हा या धंद्याला आयतेच खतपाणी मिळाले. कामगारांच्या वर्गणीतून उभा राहिलेला निधी अशा रीतीने खाजगी कंपन्यांच्या गल्ल्यात गेला. २००३ साली हे अनुदान निम्म्यावर आणले गेले आणि फुगा आक्रसू लागला.

शिकवणी अर्ध्यावर सोडणाऱ्या विद्यार्थ्याला परतावा देताना झालेल्या धड्यांचा दर चढवून लावण्याची नोव्हाची पद्धत एप्रिल २००७ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवली. जूनमध्ये सरकारने कंपनीच्या व्यवहारावर सहा महिन्यांचे अंशतः निर्बंध घातले. ऑक्टोबरअखेर कंपनी न्यायालयाच्या दारात उभी राहिली. चार हजारांवर परदेशी शिक्षकांचे पगार थकले होते आणि जपानी कर्मचाऱ्यांची स्थिती त्याहूनही वाईट होती. कंपनीनेच दिलेल्या घरांचे भाडे पगारातून कापले जात होते, पण ते घरमालकापर्यंत पोहोचतच नव्हते. त्यामुळे ज्यांनी भाडे भरले होते त्यांच्याच हाती घर सोडण्याच्या नोटिसा पडल्या. ओसाकातील ‘जनरल युनियन’ या संघटनेने तेव्हा अन्नाच्या बदल्यात धडे देण्याचा उपक्रम चालवला. जगातील एका श्रीमंत देशात पदवीधर माणसे शिधा मिळावा म्हणून क्रियापदे शिकवीत होती! संस्थापक नोझोमु साहाशी यांना २००८ साली अटक झाली आणि कर्मचाऱ्यांच्या निधीतील सुमारे ३२ कोटी येनच्या अपहाराबद्दल ते दोषी ठरले. तथापि एका व्यक्तीच्या अप्रामाणिकपणावर सारे ढकलणे म्हणजे मूळ प्रश्न टाळणे होय. आगाऊ वसुलीवर उभा असलेला धंदा प्रामाणिक माणसाच्या हाती असता तरी विस्तार थांबताच अडखळला असता.

शिक्षकाला गिळणारी खरी यंत्रणा याहून शांतपणे चालते. पूर्णवेळ कर्मचाऱ्याच्या तीन-चतुर्थांश तास काम करणाऱ्याला आरोग्य आणि निवृत्तिवेतन विम्यात सामावून घ्यावे, असा जपानमधील दंडक होता. या विम्याचा अर्धा हप्ता मालकाने भरावयाचा असतो. चाळीस तासांच्या आठवड्याला ही मर्यादा तीस तासांवर येते. आणि म्हणूनच कंपन्यांच्या करारपत्रांत साडेएकोणतीस तास हा चमत्कारिक आकडा अवतरला. धड्यांमधील फट, तयारी, विद्यार्थ्यांच्या प्रगतीच्या नोंदी हे सारे हिशेबाबाहेर. ऑक्टोबर २०१६ मध्ये पाचशेहून अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांत ही मर्यादा वीस तासांवर आली, २०२२ मध्ये शंभराहून अधिक आणि २०२४ मध्ये पन्नासाहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्याही तिच्या कक्षेत आल्या.

कायद्याने तासांची पळवाट अरुंद केली, पण ‘ग्योमु इताकु’ म्हणजे कामाचे कंत्राट ही दुसरी वाट आधीच तयार होती. शिक्षक हा नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक आहे, असे एकदा कागदावर लिहिले की विमा नाही, पगारी रजा नाही. हा ‘स्वतंत्र व्यावसायिक’ कंपनीच्या खोलीत, कंपनीच्या पुस्तकातून, कंपनीने ठरवलेल्या वेळी शिकवतो! जुनी नोव्हा बुडाल्यावर तेच नाव घेऊन चाललेल्या कंपनीविरुद्ध अशा शिक्षकांनी नागोया येथे दावा लावला. २०१९ साली जिल्हा न्यायालयाने आणि ऑक्टोबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने करारावरील नाव बाजूस सारून प्रत्यक्ष काम पाहिले व हे शिक्षक कामगारच आहेत असा निर्वाळा दिला.

असे निर्णय आकाशातून पडत नाहीत. बर्लिट्झ या कंपनीतील शिक्षकांनी डिसेंबर २००७ पासून सुमारे अकरा महिने संप केला. मागणी ४.६ टक्के वेतनवाढीची आणि एका महिन्याच्या बोनसची. पद्धत अशी की सर्वांनी एकदम बाहेर न पडता कोणी एक धडा, कोणी दोन धडे सोडावयाचे. शंभराहून अधिक शिक्षकांनी हे केले. कंपनीने संघटनेवर ११ कोटी येनच्या नुकसानभरपाईचा दावा ठोकला. फेब्रुवारी २०१२ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. जपानी संविधानाच्या २८व्या कलमाने संघटनेचा हक्क दिला आहे आणि कंपनीत संघटना नसली तरी एकटा कामगार बाहेरच्या संघटनेचा सभासद होऊ शकतो. या तरतुदीचा लाभ परदेशी शिक्षकांना झाला.

तरीही त्यांच्यातील बहुसंख्य संघटनेबाहेरच राहिले, हेही स्पष्टपणे मांडले पाहिजे. वर्ष-दोन वर्षांत परत जावयाचे, मग भांडण कशाला, असा त्यांचा हिशेब. शिवाय गोऱ्या चेहऱ्याला जाहिरातीत जो मान मिळतो तो आपल्या गुणांचा आहे, अशी त्यांतील अनेकांची समजूत असते. त्याच वर्णभेदामुळे इंग्रजी उत्तम बोलणाऱ्या आशियाई व आफ्रिकी शिक्षकाला दाराबाहेर उभे राहावे लागते, याची त्यांना फारशी खंत दिसत नाही. आता फिलिपिन्समधील शिक्षक संगणकावरून जपानी विद्यार्थ्यांना पंचवीस-पंचवीस मिनिटांचे धडे अत्यल्प मोबदल्यात देत आहेत, आणि तेही बव्हंशी कंत्राटदार म्हणूनच. त्यांचा मालक एका देशात, ते दुसऱ्या देशात. नागोयाच्या न्यायालयाचा निर्णय त्यांच्यापर्यंत कसा पोहोचणार?

शिक्षक हा कामगार की नाही, या वादात भारताचा इतिहास अभिमानास्पद नाही. १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही असे ठरवले. शिकवणे हे उदात्त कार्य आहे, ही भूमिका त्यामागे होती. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांना त्या उदात्ततेची किंमत ठाऊक आहे. त्यांनाही घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात, आणि सुटीचा महिना कोरडा जातो.