जाहिरात नोकरीची, मौन वेतनाचे

हिंजवडी किंवा खराडी येथील एखाद्या तंत्रज्ञान कंपनीची भरतीची जाहिरात वाचून पाहावी. सॉफ्टवेअर लिहिणारा हवा असतो, किंवा ‘एक्स्पीरिअन्स डिझायनर’ हवा असतो. म्हणजे मोबाइलवरील व्यवहार वापरणाऱ्याला सुलभ व्हावा अशी त्याची रचना करणारा. उमेदवाराला काय काय यावे, किती वर्षांचा अनुभव असावा, दडपणाखाली काम करण्याची तयारी कशी असावी, याची लांबलचक यादी असते. वेतनापुढे मात्र ‘पात्रतेनुसार’ एवढाच शब्द. जागा किती आहेत याचाही पत्ता नसतो.

हे मौन अपघाती नाही. अर्जातच उमेदवाराला सध्याचे वेतन आणि अपेक्षित वेतन लिहावे लागते. म्हणजे विकणाऱ्याने आपला भाव आधी सांगायचा आणि घेणाऱ्याने आपला झाकून ठेवायचा! मुक्त बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांनी आपलेच पाठ्यपुस्तक पुन्हा उघडावे. उभय पक्षांना सारखी माहिती असल्याशिवाय रास्त भाव ठरत नाही, हे त्यातच लिहिलेले आहे.

कोणी म्हणेल, वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्या या तरुणांची काळजी समाजवाद्यांनी का वाहावी? याचे उत्तर आकड्यांत आहे. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नवशिक्या अभियंत्याला २०१०च्या सुमारास वर्षाला सुमारे तीन लाख रुपये मिळत. आज बहुसंख्यांना साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात. दरम्यान किंमतपातळी दुपटीहून अधिक वाढली. म्हणजे त्याचे वास्तव वेतन घटले आहे. ज्याचे श्रम विकल्यावाचून घर चालत नाही तो श्रमिकच. गळ्यातील ओळखपत्राने त्याचा वर्ग बदलत नाही.

त्याहून गंभीर प्रकार ‘चाचणी’चा आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीला एका कंपनीने घरी करण्यासाठी काम दिले: औषधविक्रीच्या ॲपची सारी रचना, मुदत चार दिवस. तिने रात्री जागून ती पुरी करून पाठवली. पुढे ना मोबदला आला, ना होकार, ना नकार. या विनावेतन श्रमाला आपल्या भाषेत वेठ असा जुना आणि नेमका शब्द आहे. ग्राहकाच्या ‘अनुभवा’ची एवढी चिंता वाहणाऱ्या कंपनीने उमेदवाराला दिलेला अनुभव हा असा!

यावर उपाय नाही असे नाही. कॅलिफोर्नियात पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला १ जानेवारी २०२३ पासून जाहिरातीत वेतनश्रेणी छापावी लागते. मागील वेतन विचारण्यास तेथे २०१८पासून बंदी आहे. म्हणजे तेथे वेतन छापणाऱ्या कंपनीला पुण्यात ते झाकता येते. तेथे तिला सद्बुद्धी सुचली असे नव्हे. तेथे कायदा आहे.

आपल्याकडे १९५९च्या कायद्याने रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवण्याचे बंधन घातले, पण तेथून माणूस घेण्याचे घातले नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो कायदा पोटात घेतला आणि ही पळवाटही जशीच्या तशी राखली. जाहिरात वाचणाऱ्या उमेदवाराच्या हाती त्यातून काहीच पडत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. जाहिरातीत जागांची संख्या, वेतनश्रेणी आणि कराराच्या अटी छापणे सक्तीचे व्हावे. मागील वेतन विचारण्यास बंदी असावी. चाचणीच्या नावाखाली करून घेतलेल्या कामाचा मोबदला मिळावा. कार्यकर्त्यांनी या मागण्या घेऊन महाविद्यालयांच्या दारात उभे राहावे. संघटना म्हणजे गिरणीच्या भोंग्याबरोबर संपलेली गोष्ट, असे या तरुणांना शिकवले गेले आहे. तो समज खोटा ठरवण्याची सुरुवात नोकरीच्या पहिल्या दिवशी नव्हे, पहिल्या अर्जापासूनच झाली पाहिजे.