खिडकी नंबर चार

“आपल्या नोंदी जुळत नाहीत. कृपया पुन्हा प्रयत्न करा.”

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीने हे वाक्य एका आठवड्यात अकरा वेळा वाचलं. बाईसाहेबांना पुण्यात सॉलिड नोकरी लागली होती. नव्या कंपनीच्या एचआरला डिग्रीचं व्हेरिफिकेशन हवं होतं, तेही पंधरा दिवसांत. नाहीतर जॉइनिंग पुढे! पुढे म्हणजे कधी, ते एचआर सांगत नव्हतं. इकडे जुन्या कंपनीत राजीनामा देऊन झालेला, तिकडे फ्लॅटचं डिपॉझिट भरून झालेलं. आणि तिच्या विद्यापीठाच्या (नाव नको, उगाच भांडण कशाला!) वेबसाइटवरचा तो हसऱ्या चेहऱ्याचा चॅटबॉट काही केल्या ऐकायला तयार नव्हता. कागद अपलोड करा, दोन मिनिटं थांबा, आणि पुन्हा तेच. नोंदी जुळत नाहीत.

शेवटी मी हाफ डे टाकला आणि आम्ही दोघी थेट विद्यापीठात धडकलो. खिडकी नंबर चार. पलीकडे एक काकू, चष्मा नाकावर, डब्याची पिशवी टेबलाच्या कडेला. त्यांनी मार्कशीट बघितली, आधार कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, मार्कशीटवर आडनाव आधी आहे आणि शेवटी आईचं नाव लागलंय. आधारवर तुझं नाव आधी आणि आईचं नाव नाही. मशीनला वाटतंय, या दोन वेगळ्या मुली आहेत.”

बस, एवढंच! चार मिनिटांत काम झालं.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई “आमच्या वेळी असं नव्हतं”चं रडगाणं लावणार. अजिबात नाही. आमच्या वेळी ह्याच खिडकीवर “लंच टाइम” नावाची पाटी दीड-दीड तास लटकायची. चलन एका इमारतीत, सही दुसऱ्या इमारतीत आणि शिक्का मारणारे साहेब रजेवर. घरबसल्या रात्री अकरा वाजता ट्रान्स्क्रिप्टसाठी अर्ज करता येतो, याचा मला मनापासून आनंद आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. ती मुलगी एकच आहे हे काकूंना दिसलं, पण बॉटचं “नाही” बदलायला त्यांच्याकडे बटणच नव्हतं. त्यांनी वरच्या ऑफिसला हाताने चिठ्ठी लिहिली, म्हणून काम झालं. मग ते “नाही” नक्की कोण म्हणालं होतं? मी विचारलं. काकू म्हणाल्या, “सिस्टीम.”

हे उत्तर मी माझ्या ऑफिसातही रोज ऐकते. तुम्हीही ऐकत असाल.

जगभरातली विद्यापीठं सध्या प्रवेश, फी, हॉस्टेल, परीक्षा, पत्रव्यवहार अशा सगळीकडे एआय आणताहेत. आणि त्यात ठेचाही खाताहेत, अगदी नावाजलेलीसुद्धा. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाची गोष्ट घ्या. फेब्रुवारी 2023 मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार झाला, तीन विद्यार्थी गेले. तेव्हा व्हँडरबिल्टच्या पीबॉडी कॉलेजमधल्या एका कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारा ईमेल पाठवला. एकमेकांची काळजी घ्या, आपण सगळे एक आहोत, वगैरे. छान होता. फक्त खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. मजकूर चॅटजीपीटीच्या मदतीने तयार केल्याची. विद्यार्थी भडकले आणि कॉलेजला माफी मागावी लागली.

गंमत बघा, राग त्या ईमेलमधल्या शब्दांवर नव्हता. व्याकरण झक्कास, भावना योग्य. पण कुणाच्या घरी वाईट घडल्यावर आपण भेटायला जातो, तेव्हा शब्द किती चांगले होते ते कुणी बघत नाही. आपण गेलो, हे बघतात. हॉलतिकिटाची तारीख मशीनने कळवावी, बिनधास्त कळवावी. सांत्वनाला माणसानेच जायचं असतं.

याच विद्यापीठाने त्याच वर्षी एक शहाणपणाचं कामही केलं. निबंध विद्यार्थ्याने लिहिला की एआयने, हे ओळखण्याचा दावा करणारं टर्निटिन कंपनीचं टूल त्यांनी ऑगस्ट 2023 मध्ये बंद केलं. का? त्यांनी साधा हिशेब मांडला. 2022 मध्ये त्यांच्याकडून तपासणीसाठी गेलेले पेपर होते 75,000. कंपनी म्हणते, चुकीचा आळ येण्याचं प्रमाण फक्त 1 टक्का. प्रेझेंटेशनच्या स्लाइडवर 1 टक्का किती गोड दिसतो! पण 75,000चा 1 टक्का म्हणजे 750. म्हणजे साडेसातशे निबंधांवर, काहीही चूक नसताना, चोरीचा शिक्का. आणि आपण ते लिहिलंय हे सिद्ध कसं करायचं, हो? 2023 मध्येच स्टॅनफर्डच्या संशोधकांना असंही आढळलं, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले निबंध अशी टूल्स जास्त वेळा “एआयने लिहिलेले” ठरवतात. त्यांनी तपासलेल्या टोफेलच्या निबंधांमध्ये हे प्रमाण सरासरी 61 टक्के निघालं. कारण साधं आहे. शिकून घेतलेल्या भाषेत आपण सरळ, ठरावीक शब्द वापरतो, आणि टूलला तेच मशीनसारखं वाटतं. मराठी माध्यमातून येऊन जपून-जपून इंग्रजी लिहिणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हा आकडा एकदा नीट वाचावा.

आणखी एक किस्सा, 2020चा. कोविडमुळे इंग्लंडमध्ये ए-लेव्हलच्या परीक्षा रद्द झाल्या. आपल्या बारावीसारखी परीक्षा, तिच्यावर विद्यापीठ प्रवेश ठरतात. तिथल्या ऑफक्वाल या नियामक संस्थेने मग गणिती सूत्र बसवलं. शिक्षकांनी दिलेली क्रमवारी घ्या, त्या शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल घ्या आणि ग्रेड काढा. हे काही आजच्यासारखं एआय नव्हतं, साधी संख्याशास्त्राची आकडेमोड होती. 13 ऑगस्टला निकाल लागला आणि सुमारे 39 टक्के ग्रेड शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या. हुशार मुलगी, पण शाळेचे जुने निकाल बेताचे? मग तीही खाली! उलट वर्गात अगदी थोडी मुलं असतील, तर शिक्षकांचा अंदाज धरला जायचा. आणि असे छोटे वर्ग जास्त असतात खासगी, महागड्या शाळांत. हातातले प्रवेश गेले, पोरं रस्त्यावर उतरली आणि चारच दिवसांत, 17 ऑगस्टला सरकारने माघार घेतली. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी नंतर खापर फोडलं “म्युटंट अल्गोरिदम”वर. म्हणजे पुन्हा तेच. कोण म्हणालं? सिस्टीम!

आपल्याला हसायचा अधिकार नाही, बरं का. 2017 आठवतंय? मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून ऑनलाइन तपासायच्या ठरवल्या. त्यात एआय नव्हतं, तपासणारे प्राध्यापकच होते. पण घाई अशी, की नीट तयारी आणि चाचणीविना गाडी थेट हायवेवर. राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदत हुकली, निकाल महिनोन् महिने रखडले, पुढच्या प्रवेशांची वाट लागली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. कल्पना वाईट नव्हती. पण एखादं वर्ष चार-दोन विषयांवर करून बघितलं असतं, तर? नव्या सिस्टीमचा पहिला प्रयोग कुणाच्या करिअरवर करायचा नसतो, हा त्यातला धडा. एआयला तर तो दुप्पट लागू आहे.

मग काय, सगळं बंद करून पुन्हा चलन आणि शिक्के? नाही ना! अटलांटातलं जॉर्जिया स्टेट विद्यापीठ बघा. प्रवेश पक्का झालेली बरीच मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत गळायची. फॉर्म अर्धवट, कर्जाचे कागद अडलेले, आणि विचारायचं कुणाला ते माहीत नाही. विशेषतः घरात कॉलेजचं तोंड बघणारं पहिलंच पोर असेल तर. 2016 मध्ये त्यांनी “पाउन्स” नावाचा बॉट आणला, मोबाइलवर मेसेजने उत्तरं देणारा. त्या एका उन्हाळ्यात त्याने 2 लाखांहून जास्त प्रश्नांना उत्तरं दिली आणि ही गळती सुमारे 21 टक्क्यांनी कमी झाली. रात्री दोन वाजता “फीची शेवटची तारीख काय?” असं विचारायला लाज वाटत नाही ना मशीनला! यातला खरा फंडा दोन गोष्टींत आहे. एक, बॉट माहिती देत होता, कुणाचा प्रवेश नाकारत नव्हता. दोन, ज्याचं उत्तर त्याला येत नव्हतं, तो प्रश्न माणसाकडे जात होता. तिथेही खिडकी नंबर चार होतीच, फक्त बॉटच्या मागे.

तर मंडळी, माझ्या साध्या डोक्याने मी चार प्रश्न काढलेत. कुठलंही विद्यापीठ “आम्ही एआय आणलं” म्हणून रिबीन कापेल, तेव्हा विचारायचे. पहिला, हे फक्त मदत करतं की निर्णयही देतं? दुसरा, त्याने “नाही” म्हटलं तर ते फिरवायचा अधिकार कोणत्या माणसाला आहे, आणि तो कुठे बसतो? तिसरा, कुणाच्या बाबतीत ते जास्त चुकतं, हे आधी तपासलंय का? नावाचा क्रम वेगळा असलेले, लग्नानंतर आडनाव बदललेले, मराठीतून शिकलेले. चौथा, मुलांची माहिती जाते कुठे? कारण घाईच्या दिवशी नावं, मार्क, जात प्रमाणपत्रं असलेली अख्खी एक्सेल शीट फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकून “जरा यादी करून दे” म्हणणारा कुणीतरी प्रत्येक ऑफिसात असतोच. आपल्याही.

युरोपने 2024 च्या एआय कायद्यात प्रवेश ठरवणाऱ्या आणि विद्यार्थ्यांचं मूल्यमापन करणाऱ्या सिस्टीम्स “जास्त जोखमीच्या” गटात टाकल्या. तिथल्या डेटा कायद्यात 2018 पासून एक हक्कही आहे. माणसावर मोठा परिणाम करणारा निर्णय निव्वळ मशीनवर सोडलेला असेल, तर तो आपल्याला लागू होऊ न देण्याचा. आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. आपली चुकीची माहिती दुरुस्त करून घ्यायचा हक्क त्यात आहे. पण मशीनच्या निर्णयाविरुद्ध माणूस मागायचा हक्क काही त्यात नाही. म्हणून तो आपल्यालाच मागावा लागणार.

आणि “आपल्याला काय करायचंय, आपली डिग्री कधीच झाली” असं म्हणू नका. अशी सॉफ्टवेअर्स लिहितं कोण? हिंजवडीत आणि ऐरोलीत बसलेले आपलेच दोस्त. पुढच्या वेळी टेस्टिंगची यादी कराल, तेव्हा एक ओळ माझ्याकडून घाला. आईचं नाव शेवटी असलेली मुलगी.

बहिणीचं जॉइनिंग वेळेवर झालं. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आम्ही पुन्हा खिडकीवर गेलो, तेव्हा काकूंनी ड्रॉवरमधून एक दोनशे पानी वही काढून दाखवली. सिस्टीमने चुकून परत पाठवलेल्या प्रत्येक मुलाची नोंद. तारीख, नाव, काय जुळलं नाही, का जुळलं नाही. सगळं निळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात. बहिणीचा नंबर सदतिसावा होता.

“ही वही वर दाखवलीत का?” मी विचारलं.

“कुणी मागितलीच नाही,” पेढा तोंडात टाकत काकू म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या मुलाला हाक मारली.