फावला वेळ : अरुंद रुळांवरची वाघीण

मालगाडीच्या डब्यास आपण मराठींत 'वाघीण' म्हणतों. मूळच्या इंग्रजी शब्दाचा तो अपभ्रंश आहे हें उघडच आहे. तथापि अंधाऱ्या रात्रीं एकामागून एक धडधडत जाणाऱ्या वाघिणी ज्यानें रुळांजवळ उभें राहून पाहिल्या असतील, त्याला हें नांव अस्थानीं वाटणार नाहीं. ह्या महिन्यांत वाचकांपुढें मी जी वाघीण आणीत आहें, ती मात्र तळहातावर मावणारी आहे. तिची लांबी नऊ सेंटिमीटरांच्या आंत, वजन पस्तीस ग्रॅम. आणि ती उभी करण्यास आम्हां चुलत्या-पुतण्यांना दिवाळीची जवळजवळ सगळी सुटी लागली.

वारंगा फाट्यास राहणाऱ्या माणसानें आगगाडीचा नाद धरावा, ही गोष्ट कित्येकांस चमत्कारिक वाटेल. आमचा फाटा सडकांचा. अकोल्याहून हिंगोलीवरून नांदेडास जाणारी सडक आणि तुळजापूर-लातुराहून नांदेडमार्गें यवतमाळ-नागपुराकडे जाणारी सडक येथें एकमेकींस भेटतात. रात्रंदिवस मालमोटारी धांवतात. खिचडी खाण्यासाठीं प्रवासी घटकाभर थांबतात आणि आपापल्या दिशेनें निघून जातात. परंतु नकाशा पुढें घेऊन बसलें म्हणजे ह्या दुसऱ्या सडकेविषयीं एक मौजेची गोष्ट ध्यानांत येते. तिच्यावरील लातूर हें एका अरुंद लोहमार्गाचें शेवटचें स्थानक होतें आणि यवतमाळ हें दुसऱ्या एका तशाच लोहमार्गाचें. १८९७ सालीं कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे १९०६ त पंढरपुरास, १९११ त लातुरास आणि १९२७ त मिरजेस पोंचली. तिकडे वऱ्हाडांत कापसाच्या वाहतुकीसाठीं घातलेल्या मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरील गाडीस लोकांनीं 'शकुंतला' हें लाडकें नांव दिलें. दोहोंच्याही रुळांतील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. पुढें बार्शीचे रूळ २००१ पासून टप्प्याटप्प्यानें रुंद झाले, आणि शकुंतलेच्या गाड्याही थांबल्या. ज्या मुलांचा जन्म त्यानंतरचा, त्यांना ही धाकटी आगगाडी आतां प्रतिकृतींतच दिसावयाची.

माझा पुतण्या बारा वर्षांचा आहे. पुण्यास कोथरुडांत भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें आणि १९९८ पासून लोकांस खुलें असलेलें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय त्यानें पाहिलें, आणि तेव्हांपासून त्याला दुसरें कांहीं सुचेना. शेवटीं त्याच्या वडिलांनीं त्याला एका बंद वाघिणीचा संच आणून दिला. तो हुबेहुब बार्शीच्या वाघिणीचा नव्हता. पण अडीच फुटी रुळांवर, चार-चार चाकांच्या दोन बोगींवर चालणाऱ्या त्याच जातीच्या वाघिणीचा होता. तो घेऊन स्वारी दिवाळीस आमच्याकडे दाखल झाली.

पेटी उघडण्यापूर्वीं मीं त्याला पाटी आणावयास सांगितलें. ह्या संचाचें प्रमाण ८७ स १, म्हणजे खऱ्या वस्तूचे ८७ मिलिमीटर तेथें एक मिलिमीटर. ७६२ ला ८७ नीं भागिलें तर पावणेनऊ येतात. म्हणून अशा वाघिणीस ९ मिलिमीटर अंतराचे रूळ चालतात. बार्शीच्या मालवाघिणीचा सांगाडा २५ फूट लांब व ७ फूट रुंद असे. ह्या प्रमाणानें तो सुमारें ८८ मिलिमीटर लांब आणि साडेचोवीस मिलिमीटर रुंद होईल. गणित संपतांच पुतण्या म्हणाला, "काका, लांबी रुळांच्या अंतराच्या बरोबर दहापट आहे आणि रुंदी जवळजवळ तिप्पट!" हें माझ्याही लक्षांत आलें नव्हतें. एवढा रुंद डबा एवढ्या अरुंद रुळांवर न कलंडतां कसा चालत असेल, हा प्रश्न मग आपोआपच निघाला.

त्याचें उत्तर त्या रेल्वेचा इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप याच्या विचारांत आहे. त्यानें असा नियम धरिला कीं, इंजिन असो वा वाघीण असो, कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं नये. मग रूळ हलके चालतात, मार्ग स्वस्तांत होतो आणि जेथें मोठी रेल्वे परवडणार नाहीं अशा मुलुखांतही गाडी नेतां येते. ह्याकरितां इंजिनाचें वजन पुष्कळ आंसांवर वांटलें गेलें. आणि वाघिणींसाठीं दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याचे मजबूत पण हलके सांगाडे व बोगी वापरल्या. वाघीण स्वतः जितकी हलकी, तितका माल तिच्यांत अधिक. घरांत स्वतःचा खर्च कमी ठेवून अधिक माणसें पोसणारा कर्ता पुरुष असतो, तसाच हा हिशेब होय.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. ज्यांच्या घरीं असा संच येईल त्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. प्लॅस्टिकचे भाग चौकटीस चिकटलेले असतात. त्यांवर साच्याचें तेल राहिलेलें असल्यास रंग धरत नाहीं, म्हणून चौकट प्रथम साबणाच्या कोमट पाण्यानें धुऊन वाळवावी. भाग हातानें मोडून काढूं नयेत. धारदार कटरानें किंचित् दूर कापून उरलेला कोंभ बारीक कानशीनें व पॉलिशपेपरानें घासावा. चिकटविण्यापूर्वीं सर्व भाग एकदां कोरडेच जुळवून पाहावे. द्रव सरस प्लॅस्टिक विरघळवून सांधा एकजीव करतो, त्यामुळें मागाहून चूक सुधारण्यास फारसा अवसर राहत नाहीं. आणि त्याचा वास उग्र असल्यानें काम उघड्या खिडकीपाशीं करावें. कटर व सरस यांच्या वेळीं मुलांजवळ वडील माणसानें बसलेंच पाहिजे. सांगाडा सपाट कांचेवर ठेवून गुण्यानें कोपरे तपासावे. एक कोपरा केसभर उचललेला राहिला, तर चारांपैकीं एक चाक अधांतरीं राहतें आणि वाघीण पहिल्याच वळणावर रूळ सोडते. ह्यावर युक्ति अशी कीं, एक बोगी केवळ वळेल इतकी घट्ट बसवावी आणि दुसरी थोडी डोलेल इतकी सैल. म्हणजे तीन पायांच्या तिवईप्रमाणें वाघीण कोठेंही नीट उभी राहते.

वजनाचा प्रकार तर फारच गमतीचा आहे. खरी वाघीण रिकामी पांच टनांची धरिली, तर लांबी, रुंदी व उंची तिन्ही ८७ पटींनीं कमी झाल्यावर तिचें वजन साडेसात ग्रॅमच भरेल. एवढीशी वस्तु रुळांच्या प्रत्येक सांध्यावर उडते. म्हणून ज्या वाघिणीचा सारा मोठेपणा हलकेपणांत, तिच्या प्रतिकृतींत मात्र आम्हांस वजन घालावें लागलें. छप्पर बसविण्यापूर्वीं तळाशीं लोखंडी वायसर चिकटवून ती पस्तीस ग्रॅमांची केली, तेव्हां ती सरळ चालूं लागली. ह्या कामास शिसें वापरतात. पण तें विषारी असल्यामुळें मुलांच्या हातीं देऊं नये.

रंगाच्या वेळीं आमची फजिती झाली. भारतीय रेल्वेच्या वाघिणींचा परिचित रंग म्हणजे गेरूसारखा तांबडा, वर पांढरीं अक्षरें. प्रायमर वाळतांच पुतण्यानें उत्साहाच्या भरांत तांबड्या रंगाचा एकच जाड हात मारला. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों फळ्यांमधल्या चिरा बुजलेल्या आणि रिवेट दिसेनासे झालेले. बिचारा रडकुंडीस आला. रंग पाण्यांत मिसळण्याचा होता म्हणून स्पिरिट आणि जुना दांत घांसण्याचा ब्रश घेऊन दोन दिवस तो खरवडून काढला. मग पातळ रंगाचे तीन हात दिले, आणि प्रत्येक हातामध्यें रात्र जाऊं दिली. शेवटीं जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें खालच्या अंगास मातकट छटा दिली.

आतां माझी चूक सांगतों. ब्रेकाचा दांडा कापतांना माझ्या हातून उडाला तो सांपडेना. पुतण्या फरशीवर पालथा पडून शोधूं लागला. मीं म्हटलें, "राहूं दे. ती बाजू भिंतीकडे करून ठेवूं, कोण पाहतो?" त्यानें माझ्याकडे एकवार पाहिलें आणि कांहीं न बोलतां तो उठला.

माझ्या वडिलांस आम्ही अण्णा म्हणतों. ते तरुणपणीं लातुरास एका अडत्याच्या पेढीवर कारकून होते. धान्याचीं पोतीं वाघिणींत मोजून चढविणें हें त्यांचें काम. सहा वर्षांपूर्वीं काचबिंदूनें त्यांची दृष्टि गेली. वाघीण पुरी झाल्यावर पुतण्यानें ती त्यांच्या ओंजळींत ठेविली. अण्णांनीं छप्पर चांचपलें, दाराच्या कडेवरून नख फिरविलें, बोगी हळूच वळवून पाहिल्या. मग त्यांचें बोट सांगाड्याच्या एका अंगाशीं थांबलें, मागें गेलें, पुन्हां तेथेंच आलें.

"अरे, हिचा ब्रेकाचा दांडा कोठें आहे?"

मी उगाच राहिलों.

"पोतीं चढवितांना वाघीण जागची हलूं नये म्हणून आधीं हा दांडा दाबून अडकवीत. हमाल तो स्वतः पाहून घेत, आणि मगच फळीवर पाय ठेवीत. एकदां एकानें न पाहतां पाय टाकला." पुढें काय झालें तें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं.

त्या रात्रीं मीं एक टांचणी घेतली, डोकें तोडलें, एक टोंक हातोडीनें चेपून चपटें केलें, मापानें वांकविलें आणि जागेवर बसविलें. काम अर्ध्या तासाचें होतें. तांबडा हात मात्र मी दिला नाहीं. तो पुतण्यानें दिला, आणि ह्या वेळीं पातळ दिला.

सकाळीं अण्णांनीं वाघीण पुन्हां हातीं घेतली. दांड्यावर बोट टेकवून ते म्हणाले, "आतां माणसें आंत जाऊं देत." मग नातवाकडे वळून विचारलें, "दार उघडतें का रे?"

"नाहीं आजोबा, चिकटविलेलें आहे."

"मग पुढच्या सुटींत उघडें दार कर. पोतीं किती चढवावयाचीं तें मी सांगेन."

तेव्हां दुसऱ्या वाघिणीचा संच आणावा लागणार, हें ठरल्यासारखेंच आहे. पहिली आमच्या कपाटांत आहे. आणि तिची दांड्याची बाजू भिंतीकडे नसून आम्हांकडे आहे.