किल्ल्या दिल्या म्हणून कर्ज फिटत नाही

घराच्या किमतीपेक्षा त्यावरचे कर्जच जास्त झाले तर काय करायचे, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारत नाही. जागेचे भाव वाढणारच, असे आपण धरूनच चालतो. पण ज्या भिंतीला पुराचे पाणी लागून गेले, तिथे हे गणित फसू शकते.

माझ्या भाच्याचे तसेच झाले आहे. २०१८ साली त्याने सांगलीच्या सखल भागात, तळमजल्यावर, २७ लाखांचा फ्लॅट घेतला. त्यातले २३ लाख कर्ज. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाई घरात आली आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा आली. आता नोकरीची बदली झाल्यामुळे तो बायकामुलांसह इकडे साताऱ्याला येतो आहे. बँकेची बाकी आहे साडेअठरा लाख, आणि गिऱ्हाईक सोळाच्या वर सरकत नाही. अडीच लाखांचा खड्डा!

२००८ च्या मंदीत अमेरिकेतल्या लोकांनी घराच्या किल्ल्या बँकेला देऊन टाकल्या, असे त्याने कुठेतरी वाचले. "मावशी, मीपण किल्ल्या टेबलावर ठेवून येतो," म्हणाला. तो थट्टेने म्हणाला, पण माझ्या पोटात गोळा आला. जामीनदार म्हणून आमच्या ह्यांची सही आहे ना!

अमेरिकेतली गोष्ट खरी, पण अर्धी. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत राहते घर विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जात बँकेला घरावरच समाधान मानावे लागते. सगळीकडे तसे नाही, आणि आपल्याकडे तर नाहीच. इथे कर्ज घराला नाही, माणसाला चिकटते. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते बुडीताकडे जाते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे ६० दिवसांची नोटीस, ताबा आणि लिलाव. लिलावात कमी पैसे आले तर उरलेले कर्जदाराकडून किंवा जामीनदाराकडून वसूल करता येतात. सिबिलचा डाग वेगळाच. तेव्हा हा मार्ग बंद.

दुसरा मार्ग सगळे नातेवाईक सुचवतात. "भाड्याने दे आणि थांब. वास्तू तोट्यात विकू नये." ऐकायला बरे वाटते. पण मी आयुष्यभर मुलांना व्याजाची गणिते घातली, म्हणून कागद पुढे ओढला. साडेअठरा लाखांवर साडेआठ टक्क्यांनी महिन्याचे नुसते व्याज होते १३ हजार. पूर येणाऱ्या तळमजल्याला भाडे मिळणार पाच हजार. म्हणजे महिना आठ हजार गेले. घरपट्टी आणि सोसायटीची वर्गणी धरली की वर्षाला लाखभर रुपये. सोळा लाखांच्या घराचा भाव दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढला, तरच थांबण्याने बरोबरी होणार. आणि मधे पुन्हा पाणी आले तर?

येईल की नाही, हे आपल्या हातात नाही. पाऊस पडतो महाबळेश्वरला आणि कोयनेच्या खोऱ्यात, कराडला दोन्ही नद्या मिळतात, हरिपूरला वारणा येते, आणि आयर्विन पुलावर पाणी किती फूट चढले ते सांगलीकर रात्र जागून विचारत बसतात. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते.

माझे मत स्पष्ट आहे. परत सांगलीला जायचे नक्की नसेल, भाड्यातून व्याजही सुटत नसेल, तर घर विकावे आणि खड्डा आत्ताच भरावा. सोने मोडा, ठेव मोडा. "मी सत्तावीसला घेतले" हे गिऱ्हाइकाला सांगून उपयोग नाही आणि मनाला सांगून तर त्याहून नाही. बँकेकडून बाकीचे पत्र घ्यावे, गिऱ्हाइकाचे पैसे थेट कर्जखात्यात जावेत, कमी पडणारी रक्कम आपण भरावी. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नाही. पूर्ण फेड झाल्यावर बँकेने मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत द्यायची, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. तो माहीत असू द्यावा.

ज्यांचे आईवडील त्याच घरात राहतात, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे घर म्हणजे भाव नव्हे.

आता खरे अवघड. एजंट म्हणतो, "भिंतीवरची पुराची खूण रंगवून घ्या, दोन लाख जास्त येतील." म्हणजे खड्डा जवळजवळ भरलाच की! मी भाच्याला म्हटले, रंग जरूर दे, पण पाणी कुठवर आले होते ते तोंडाने सांग. सहज न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही म्हणतो. कायदा नसता तरी मी हेच म्हटले असते. घेणाराही कर्ज काढूनच घेणार, आणि त्याच्याही कागदावर कुणाच्या तरी काकांची, मामांची जामीनदार म्हणून सही असणार.

भाचा अजून विचार करतो आहे. दोन लाख म्हणजे त्याच्यासारख्याला थोडे नाहीत, हे मला कळते. पण त्याचा खड्डा दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे, याला मी घर विकणे म्हणणार नाही.

असो. तुमच्यापैकी कुणी या फेऱ्यातून गेले असेल तर जरूर सांगा.